पुरे

पहिलीच्या वेळी नाव शोधायला सवड होती:
एल्मास, म्हणजे हिरा.
दुसरी दोन्दू. आता तरी नशीब वळेल म्हणून.
तिसरी सोनग्युल, शेवटचं फूल,
असं बापाने दाराबाहेरूनच जाहीर केलं.
चौथीला पाहायलाही तो आला नाही.
सुईणीला म्हणाला, येतेर.
म्हणजे पुरे.

पाचवा मी, दुर्सून. म्हणजे राहो, टिको, थांबो.
एकोणिसाव्या वर्षी मी कोलोनच्या गाडीत बसलो.

सप्टेंबर सरता सरता किझिलइर्माकच्या वरच्या अंगाला
गावं गांधीलमाश्यांची होतात.
द्राक्षं पोत्यांत, पोती दगडी कुंडात,
आणि पोत्यांवर आमच्या चौघी, सलवारी गुडघ्यांवर दुमडून,
टाचांनी तुडवत, एकमेकींच्या चुगल्या करत.
रस निघतो तो गढूळ, आंबूस.
तसाच आटवला तर पेकमेझ,
आमची ही द्राक्षांची काकवी,
खाणाऱ्याचं तोंड वाकडं करते.
म्हणून माती.
टेकडीमागच्या खाणीतली, पांढरी, पिठूळ,
गाढवाच्या पाठीवरून आलेली.
ती पडली की रस फसफसतो,
भाऊबंदकीसारखा उसळून काठापर्यंत येतो
आणि सकाळी पाहावं तर नितळ.
आंबटपणा पोटात घेऊन माती तळाशी बसलेली.

गोडात माती कालवतात, हे मी कोलोनला
पावाच्या दुकानातल्या फ्राउ हेन्केलमानना सांगितलं.
दाताखाली कचकच नाही होत?
नाही म्हटलं. माती मागेच राहते.

मग तांब्याची परात, गाडीच्या चाकाएवढी.
खाली त्याच मळ्यातल्या छाटलेल्या वेलींचा जाळ.
भोपळ्याच्या डावाने रस उंच उचलायचा,
वाऱ्यातून परत सोडायचा.
दुपारभर. संध्याकाळभर.
लवकर उतरवली तर फेब्रुवारीत आंबते,
उशिरा उतरवली तर जळकट, डांबरासारखी.
मधे जेमतेम एक घटका.

ती घटका शेहरिबान काकू ओळखायची.
पण त्या वर्षी तिच्या दोन्ही डोळ्यांत मोतीबिंदू,
बुडबुडे दिसेनात. शेजारच्या पोरीला विचारलं,
माशाच्या डोळ्याएवढे झाले का गं?
माशाच्या नाही, बैलाच्या, पोर म्हणाली.
आणि मग: येतेर!
सात वर्षांची होती.
स्वतःचं नाव सांगितलं की विस्तव ओढायला सांगितलं,
कुणालाच कळलं नाही.
बायांनी परात उतरवली.
तशी काकवी गावाने त्याआधी चाखली नव्हती.

तेव्हापासून घरोघरचं बोलावणं.
ती येते, अंगठ्याच्या नखावर एक थेंब घेते,
हात उलटा करते. थेंब ओघळला
तर काही न बोलता भिंतीला टेकून बसते.

एक रात्र मला आठवते.
बापाने चार पैसे वाचवायला
पहिल्यांदाच स्वतः परात लावली होती.
रस काळवंडायला लागला, डाव जड झाला,
ती तिकडे वरच्या आळीत, दुसऱ्यांच्या चुलीपाशी.
आणि हा माणूस अंधारात गल्लीच्या तोंडाशी उभा,
हात काळे, मिशीला राख,
पुरे! पुरे! म्हणून ओरडतोय,
ती यावी म्हणून.

ती आली. धावत नाही, चालत.

आता डिसेंबरात तिच्या बाटल्या येतात,
कोकाकोलाच्याच, बुचाला चिंधी बांधलेल्या.
बाल्कनीच्या कठड्यावरचा बर्फ मी वाटीत घेतो,
वरून तपकिरी धार. बायको म्हणते, घसा धरेल.
धरतो.

फोनवर येतेर विचारते, अजून पाठवू?
आमच्या भाषेत नको म्हणायला
तिचंच नाव घ्यावं लागतं.
मी म्हणतो, पाठव.
फडताळात जागा नाही. सत्तावीस बाटल्या आहेत.